शिक्का मारण्याआधी : बातम्यांची शहानिशा करणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व वृत्तसंपादक आणि पडताळणीचं काम करणाऱ्या पत्रकार मित्रमैत्रिणींना,

स. न. वि. वि.

हे पत्र कोणा एका वृत्तपत्राला किंवा वाहिनीला उद्देशून नाही. राजकारणातल्या कटकारस्थानांचे दावे खरे की खोटे, हे लोकांना सांगण्याची जबाबदारी ज्यांनी ज्यांनी घेतली आहे त्या सगळ्यांना आहे. तुमच्या कामाची मला गरज वाटते. ते बंद पडावं म्हणणाऱ्यांत मी नाही. पण ते ज्या रीतीनं चाललं आहे, त्यानं एक नुकसान होताना मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो आहे.

माझ्या एका जुन्या मित्रानं निवडणुकीनंतर मला एक मजकूर पाठवला. मोजणीच्या रात्री आकडे बदलले गेले, अधिकारी सामील होते, असा त्यात दावा होता. मला तो खोटा वाटला, आजही वाटतो. मी त्याला पडताळणीचं एक पान पाठवलं. वर मोठ्या लाल अक्षरांत ‘खोटं’ असा शिक्का होता. मित्रानं ते पान अथपासून इतिपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, “यांनी तपासलं काय?”

मी पान पुन्हा वाचलं. त्यात तीन गोष्टी होत्या. संबंधित खात्यानं आरोप फेटाळला होता. मजकूर पसरवणाऱ्यांचे एका पक्षाशी लागेबांधे होते. आणि असे दावे हा ठरवून केलेला प्रचार असतो, असं एका अभ्यासकाचं मत होतं. मोजणीच्या टेबलाशी बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींपैकी एकालाही कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या सह्या असलेले तक्ते कोणी पाहिल्याचा उल्लेख नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मित्रानं मला असं काही पाठवणं बंद केलं. त्याचं मत बदललं नव्हतं. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

त्या पानात झालेली चूक मला तेव्हापासून सगळीकडे दिसते. ‘हे कोण पसरवतंय आणि कशासाठी?’ हा एक प्रश्न आहे. ‘हे घडलं का?’ हा अगदी वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर शोधायला सोपं असतं. ते तुम्ही शोधता, आणि दुसऱ्याचं उत्तर मिळालं असं धरून शिक्का मारता. ‘हा प्रचार आहे’ हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही ज्या गोष्टीचा प्रचार चाललाय ती गोष्टही शंभर टक्के खरी असू शकते.

याचं इतिहासातलं सर्वांत कठोर उदाहरण कातिनचं आहे. १३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिन रेडिओनं जाहीर केलं, की रशियातल्या स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात सोविएत कैदेत गेलेल्या पोलिश लष्करी अधिकाऱ्यांची हजारो प्रेतं सामूहिक खड्ड्यांत सापडली आहेत आणि त्यांना सोविएत गुप्त पोलिसांनी १९४० साली गोळ्या घातल्या आहेत. या बातमीचा गाजावाजा करणारा माणूस होता हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स. दोस्त राष्ट्रांत फूट पाडायची, हा त्याचा हेतू लपलेला नव्हता, आणि त्याचं सरकार त्याच वेळी स्वतः लाखो ज्यूंना ठार मारत होतं. ‘सांगणारा कोण’ ही कसोटी लावायची तर याहून अविश्वसनीय तोंड शोधून सापडणार नाही. सोविएत सरकारनं उलट आरोप केला, की १९४१ साली तो भाग जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनीच हे केलं. जानेवारी १९४४ मध्ये सोविएत आयोगानं तसा अहवालही दिला.

आता पुरावा पाहा. प्रेतांच्या खिशांतली पत्रं, डायऱ्या, वर्तमानपत्रं १९४० च्या वसंताशी येऊन थांबत होती. घरच्यांना या कैद्यांची पत्रं येणं त्याच सुमारास बंद झालं होतं. अनेकांच्या अंगात हिवाळी कोट होते, आणि सोविएत म्हणण्याप्रमाणे हत्या झाली होती उन्हाळ्याच्या अखेरीस. याच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही होती : गोळ्या जर्मन बनावटीच्या होत्या. (तशा गोळ्या युद्धाआधी बाहेर देशांत विकल्या गेल्या होत्या, पण हे नंतरचं स्पष्टीकरण. त्या घडीला तो अडचणीचा पुरावा होता, आणि प्रामाणिक शोधात असा न बसणारा तुकडा जवळजवळ नेहमीच असतो.) पोलंडच्या निर्वासित सरकारकडचे ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली यांनी हे सगळं तोलून मे १९४३ मध्येच आपल्या सरकारला कळवलं, की बोट सोविएत बाजूकडे जातं. तो अहवाल गुप्त राहिला, कारण सोविएत संघ मित्र होता. सोविएत सरकारनं जबाबदारी मान्य केली १३ एप्रिल १९९० रोजी. बरोबर ४७ वर्षांनी. १९९२ साली ५ मार्च १९४० चा पॉलिटब्यूरोचा, म्हणजे सोविएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाचा, निर्णयही उघड झाला. कातिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० माणसं मारली गेली होती.

ओमॅली यांनी गोबेल्सवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी गोबेल्सला बाजूला ठेवून तारखा, कोट आणि थांबलेली पत्रं पाहिली. तुमच्याकडून मला नेमकी हीच कृती हवी आहे. गोबेल्स प्रचार करत होता हे तुम्ही जरूर लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा. फक्त त्या ओळीखाली खड्ड्यांत काय सापडलं तेही लिहा.

मित्राला पाठवलेल्या त्या पानाची दुसरी चूक म्हणजे नकाराला पुरावा मानणं. ‘खात्यानं आरोप फेटाळला’ हे कळवणं तुमचं कर्तव्य आहे; पण ज्याच्यावर आरोप आहे त्याचा नकार खरा असला तरी येतो, खोटा असला तरी येतो. म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत, पाच माणसं पकडली गेली, तेव्हा व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यानं ती किरकोळ घरफोडी ठरवली होती. त्याच प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ऑगस्ट १९७४ मध्ये पायउतार व्हावं लागलं.

आणि सत्तेकडून येणाऱ्या कटाच्या गोष्टींचं काय? शब्द कसे वापरले जातात याकडे बघा. सामान्य माणसानं ‘आतून काही शिजतंय’ म्हटलं तर तो कटाचा भ्रम. सरकारनं म्हटलं तर ती गुप्तचर माहिती. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांचं वर्णन केलं. ते मुख्यतः जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी माणसाच्या सांगण्यावर उभं होतं, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याची थेट उलटतपासणीही करता आली नव्हती. लपवालपवी, फसवणूक, गुप्त साठे, शेजारी देशांना धोका : कटाच्या गोष्टीचे सगळे घटक त्यात होते. युद्ध झालं, साठे सापडले नाहीत. त्या भाषणाला किती जणांनी आधी शिक्का मारला होता? सत्तेच्या दाव्याला वेगळं माप लावलं, की तुमच्या बाकीच्या शिक्क्यांवरचा विश्वासही उडतो.

लोक खोट्या गोष्टींवर विश्वास ठेवतात ते बहुधा मूर्खपणानं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, असं वाटायला त्यांच्यापाशी कारण असतं. १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामातल्या टस्कीगी परिसरात ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस मुद्दाम उपचार न करता ‘अभ्यासला’. तुलनेसाठी आणखी २०१ जण घेतले होते. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते त्यांना दिलं नाही. हे तळघरात चाललं नव्हतं. त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यात वावगं दिसलं नाही, एवढंच.

आता त्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापलं गेलं. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्करानं प्रयोगशाळेत तयार केला, असा त्यात दावा होता. पत्र लिहिणारा आपण अमेरिकी शास्त्रज्ञ असल्याचं सांगत होता. दोन वर्षं काही घडलं नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये एका सोविएत साप्ताहिकानं तो दावा उचलला, आणि आधार म्हणून ‘पेट्रियट’चं नाव दिलं. तिथून तो अनेक देशांत, अनेक भाषांत गेला. प्रत्येक नवं छापील पान आधीच्या पानाचा हवाला देत होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटे की इतक्या ठिकाणी आलंय म्हणजे खरंच असणार. मागं मागं जात राहिलं तर शेवटी हाती लागतं ते निनावी पत्रच. ही सोविएत गुप्तचर यंत्रणेची मोहीम होती, हे रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव यांनी १९९२ साली मान्य केलं.

ही गोष्ट खोटी का, याचं उत्तर मात्र प्रिमाकोव यांच्या कबुलीत नाही. ते विषाणूत आहे. हा विषाणू मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींमधल्या विषाणूपासून आला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत माणसांत पसरू लागला होता, हे त्याच्या जनुकीय वंशावळीवरून दाखवता येतं. त्या काळी असा विषाणू घडवण्याचं तंत्र जगात कुठंच नव्हतं. उद्या कोणी म्हणालं, ‘प्रिमाकोवनं दबावाखाली कबुली दिली,’ तरी या उत्तराला धक्का लागत नाही. आणि टस्कीगी ज्याला ठाऊक आहे त्या माणसाला ‘सोविएत प्रचार’ एवढंच सांगून परतवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला हे दुसरं उत्तर मिळालंच पाहिजे. मोहीम आखणाऱ्यांनी जखम तयार केली नव्हती, ती आधीपासून होती. त्यांनी तीत बोट घातलं.

मग खरा कट आणि रचलेली गोष्ट यांत फरक ओळखायचा कसा? मला पक्की कसोटी सापडलेली नाही. एक लोकप्रिय कसोटी मात्र कुचकामी आहे, ती म्हणजे ‘फायदा कोणाला झाला?’ २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री जर्मन संसदेची इमारत पेटली. नाझी म्हणाले कम्युनिस्टांचा कट. दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क स्थगित करणारा हुकूम निघाला. कम्युनिस्ट म्हणाले नाझींचाच कट. त्याच वर्षी पॅरिसहून त्यांनी तसं पुस्तक काढलं. न्यायालयात डिमिट्रोव आणि इतर तिघे कम्युनिस्ट आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि जागेवर सापडलेल्या २४ वर्षांच्या डच तरुणाला, व्हान डर लुब्बेला, मृत्युदंड झाला. त्यानं एकट्यानंच आग लावली असावी असं बऱ्याच इतिहासकारांना वाटतं, तरी वाद मिटलेला नाही. फायदा नाझींना झाला यात शंका नाही. पण तो फायदा चालून आलेली संधी साधल्यानंही होतो. कोणाला लाभ झाला यावरून कोणाकडे बघायचं ते कळतं. काय घडलं ते कळत नाही.

जास्त कामाचं मला वाटतं ते असं : ही गोष्ट खरी असती, तर आणखी कुठं काय उमटलं असतं? खऱ्या कटाला पैसा लागतो, प्रवास लागतो, माणसं लागतात. वॉटरगेटच्या शोधात २५,००० डॉलरचा प्रचारनिधीचा धनादेश एका घरफोड्याच्या बँक खात्यात जमा झालेला सापडला, आणि तिथून धागा सुटत गेला. अमेरिकी गुप्तचर संस्थेनं १९५३ पासून माणसांच्या मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग केले, त्यांना नकळत अमली द्रव्यं देण्यापर्यंत. १९७३ साली प्रमुखांच्या आदेशानं त्या प्रकल्पाची कागदपत्रं नष्ट केली गेली. १९७७ साली माहितीच्या अधिकाराखालच्या एका अर्जामुळे शोध घेतला तेव्हा सात खोकी शिल्लक सापडली. ती हिशेब विभागात ठेवलेली होती, म्हणून वाचली. संशोधनाचे अहवाल गेले, बिलं राहिली. अशा ठिकाणी जाऊन पाहा आणि पाहिल्याचं लिहा. हजारो लोक सामील असूनही एकाही बिलाचा, तिकिटाचा, नाराज कारकुनाचा माग लागत नसेल, तर त्या दाव्याबद्दलचा तुमचा संशय रास्त आहे. (आपल्याला फुटलेलेच कट माहीत असतात, हा आक्षेप मी मानतो. पण कातिनसुद्धा लपलं नव्हतं. पत्रं थांबल्याचं हजारो घरांना कळलं होतं. लांबली ती कबुली.)

आणि प्रश्न विचारल्यावर गोष्ट कशी वागते, हे पाहा. १८९४ साली फ्रेंच लष्करात कॅप्टन आल्फ्रेद ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीसाठी शिक्षा झाली. पुरावा तोकडा होता. शंका वाढल्या तेव्हा लष्करी हेरखात्याच्या मेजर आंरी यानं १८९६ साली नवं पत्र ‘शोधून’ काढलं. दोन पत्रांचे तुकडे जोडून त्यानं चक्क ध चा मा केला होता. जुलै १८९८ मध्ये युद्धमंत्र्यांनी ते संसदेत वाचलं आणि भाषण गावोगावी चिकटवण्याचा ठराव झाला. ऑगस्टमध्ये कॅप्टन क्युइन्ये यांनी ते दिव्यासमोर धरलं. कागदावरच्या फिकट रेघांचा रंग वरच्या-खालच्या भागात एक होता, मधल्या भागात वेगळा. आंरीनं कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत आत्महत्या केली. ड्रेफस निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. लष्कर सत्य दडपतंय, हा ड्रेफसच्या बाजूच्यांचा दावाही तेव्हा कटाचाच दावा होता. फरक इतकाच, की त्या बाजूचा पुरावा प्रश्नांनी बळकट होत गेला, आणि लष्कराच्या बाजूला प्रत्येक प्रश्नानंतर नवा कागद जन्माला घालावा लागला. क्युइन्ये तर लष्कराचेच होते, ड्रेफसला दोषी मानणारे. तरी त्यांनी रेघा लपवल्या नाहीत. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

मागणी अशी आहे. ‘खोटं’, ‘पुरावा सापडला नाही’ आणि ‘आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही’ हे तीन निकाल वेगळे ठेवा आणि तिसरा द्यायला लाजू नका. कुठं गेलात, काय मागितलं, कोणी द्यायला नकार दिला, हे लिहा. पसरवणाऱ्याबद्दलचा मजकूर आणि घटनेबद्दलचा मजकूर वेगळ्या मथळ्यांखाली छापा. तुमच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा तुकडा असेल, कातिनच्या गोळ्यांसारखा, तर तो तुम्हीच आधी सांगा. नाहीतर तो दुसरा कोणी सांगेल, आणि तुम्ही लपवला असं म्हणेल.

मित्राशी मी गेल्या महिन्यात पुन्हा बोललो. या वेळी पान पाठवलं नाही. विचारलं, “काय दिसलं तर तू हा दावा सोडशील?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “प्रत्येक टेबलावरचे सह्यांचे तक्ते आणि जाहीर झालेली बेरीज जुळली, आणि आमच्या बाजूच्या प्रतिनिधींनी सह्या आपल्याच आहेत असं सांगितलं, तर सोडेन.” त्याच्या तोंडून इतकं नेमकं उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. ज्याला तुमचं पान भ्रमात अडकलेला मानून मोकळं झालं, त्यानं पडताळणीची सबंध रीत एका वाक्यात सांगितली.

ते तक्ते मिळवणं माझ्यासारख्या एकट्या माणसाला जमणारं नाही. तुम्हाला जमेल, तुमच्याकडे वार्ताहर आहेत, ओळखी आहेत, अर्ज करण्याचा अनुभव आहे. त्या पानावर तक्त्यांचे फोटो आणि प्रतिनिधींची उत्तरं जोडा. न जुळणारा एखादा आकडा निघाला, तर तोही जोडा. मी ते पान घेऊन त्याच्या घरी जाईन आणि समोर बसून दोघं मिळून बेरीज करू.

आपला,
एक नियमित वाचक